शिंपल्यातला भाडेकरू

"बसते की!" असं बाई म्हणायच्या आणि उभ्याच राहायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून तासभर बोलतील, पण टेकणार नाहीत. आमच्या बाई त्यांच्याही पुढच्या. ताट ओट्यावर ठेवून एक घास घ्यायच्या, खिडकीपर्यंत जायच्या आणि परत येऊन दुसरा घास घ्यायच्या. चहाचा कप घेऊन जिना उतरायच्या आणि रिकामा कप घेऊन वर यायच्या. मधे कुठे गेला होतात असं विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. वर्गात त्या इतक्या फेऱ्या मारत की पहिल्या बाकावरची मुलं मान दुखते म्हणून मागे सरकायची.

सत्तर सालानंतरची काही वर्षं आम्ही दोघी सांगलीच्या एका कॉलेजात शिकवत होतो. मी भूगोल, त्या प्राणिशास्त्र. दोघीही बिनलग्नाच्या आणि परगावच्या. मी वाईकडची, त्या जतच्याही पलीकडच्या, कर्नाटकाला खेटलेल्या एका वाडीतल्या. एका घराच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही मिळून भाड्याने घेतल्या होत्या. कॉलेजात त्या छापील मराठी बोलत. पण काही सापडलं की भाषा थेट वाडीवर जायची. "आवं, हिकडं या की! लय भारी हाय!" मी धावत जायची. बहुतेक वेळा एखादा किडा असायचा.

एका संक्रांतीला खालच्या घरमालकीण काकू तिळगूळ घेऊन वर आल्या. आमच्या न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ त्यांचंच होतं. त्यात वाळू, वाळूवर पाणी आणि पाण्यात तळहाताएवढे काळे शिंपले रुतून बसलेले.

"अगं बाई! हे काय?"

"शिंपले आहेत, काकू."

"मेलेत ना?"

"छे, छे! चांगले जिवंत आहेत."

काकूंचा चेहरा असा झाला, की मेलेले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. बाईंना वाटलं, त्यांना कुतूहल आहे. त्यांनी एक शिंपला उचलला, फटीत बांबूची पातळ पाचर सरकवली आणि उजेडाकडे धरला. आत मऊ, पांढुरक्या मांसाच्या घडीजवळ नखाएवढा एक फिकट गुलाबी किडा आरामात पडला होता. जळूच्या लांबच्या नात्यातला, पण जळू नव्हे.

"हा आमच्यासारखाच, काकू. भाडेकरू."

काकू पदर तोंडाला लावून वाकल्या. बघवत तर नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. मग सरळ होत म्हणाल्या, "भाडं देतो का?"

मी हसले. बाई हसल्या नाहीत. पाचर काढून त्यांनी शिंपला हळूच वाळूत ठेवला. "तेच तर कळत नाही ना," त्या म्हणाल्या आणि खोलीत फेऱ्या मारायला लागल्या.

त्यांची सगळी अस्वस्थता एका जागी गोळा करायची झाली तर ती याच प्रश्नाशी येऊन थांबायची. हा किडा शिंपल्याच्या पोटात राहून त्याचं रक्त पितो, का त्याने गाळून घेतलेल्या अन्नातला घास उचलतो, का उलट त्याच्या आतली घाण साफ करतो? चोर, का पाहुणा, का नोकर? त्यांच्या पुस्तकांत या किड्याचा पत्ता नव्हता. त्यांना मार्गदर्शन करणारे एक मोठे प्राध्यापक होते. ते म्हणाले, "स्पिरिटमध्ये घाला, चित्र काढा, लेख लिहून मोकळ्या व्हा." बाई चिडून घरी आल्या. "मेलेल्याला काय विचारायचं? जिता आहे तोवरच विचारलं पाहिजे."

म्हणून त्यांनी येरळा नदीतला एक डोह धरला. भिलवडीच्या बाजूला, येरळा कृष्णेला मिळते त्याच्या बरीच अलीकडे, वाळूच्या उताराचा एक निवांत डोह होता. उतारावर गुडघाभर पाण्यात शिंपलेच शिंपले. बाईंनी कितीतरी शिंपल्यांच्या पाठीवर लाल तैलरंगाने खुणा केल्या होत्या. ज्यांच्यात किडा होता त्यांना आडवी रेघ, नव्हता त्यांना ठिपका. रविवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही जायचो. बाई साडी खोचून पाण्यात, मी काठावर डबा सांभाळत. एकेक शिंपला उचलायचा, पाचरेने किंचित उघडायचा, मोजायचा, परत जागेवर. कोण वाढलं, कोण खंगलं. पाण्यात मात्र त्या तासन्‌तास एका जागी उभ्या राहू शकत. मी एकदा तसं बोलून दाखवलं.

"आमच्याकडं पानी कसं आसतंय ठावं हाय?" त्या म्हणाल्या. "हंड्यात. हंड्यातलं पानी गप आसतंय. मॅट्रिकला सांगलीला आले तवा पयल्यांदा नदी बघितली. ह्ये पानी थांबत का न्हाई, म्हनून लय घाबरले हुते." आणि पाण्याकडे बघत त्या एकट्याच हसल्या.

त्यांचे वडील धनगर. थोरला भाऊ फौजेत, धाकटा बापाबरोबर मेंढरांमागे. घरातलं कुणीही शाळेची पायरी ओलांडून फार पुढे गेलेलं नव्हतं. मुलगी एवढं शिकून किडे बघते, यावर वाडीत काय बोललं जात असेल ते बाई कधी सांगत नसत. लग्नाचा विषय निघाला की त्या जिना उतरायच्या.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आधीही पाऊस हात आखडूनच होता. त्या वर्षी त्याने तोंडच फिरवलं. जतकडे टँकरची वाट बघत माणसं रांगेत बसलेली. खडी फोडायची कामं निघाली होती. येरळा आटत आटत जागोजागी तुटली. बाईंचा डोह आकसला, पण वाळूखालून झिरपणाऱ्या पाण्यावर तग धरून राहिला. त्याच्या शेजारी, पात्राच्या कडेला, एक उथळ डबकं उरलं होतं. त्यात शेवाळ, पाणवनस्पती आणि छोट्या शंखांच्या गोगलगाई यांचा नुसता खच पडलेला. आणि डबक्याभोवती हिरवं गवत. सगळा मुलूख भाजलेल्या भाकरीसारखा आणि मधेच तो एक हिरवा गोल. डोळ्याला इतकं गार वाटायचं!

बाईंनी त्यातल्या गोगलगाई कॉलेजात नेऊन कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. मला बोलावलं. शेपटीवाले बारीक जीव वळवळत होते.

"हे बाहेर पडतात आणि गवताला चिकटतात," त्या म्हणाल्या. "मेंढरानं गवत खाल्लं की त्याच्या काळजात, म्हणजे यकृतात, जातात."

मी विचारलं, "म्हणजे हाही भाडेकरूच?"

"हा न्हवं. ह्यो घर जाळनारा."

एक दिवस सकाळी काकूंनी खालून हाक मारली. अंगणात एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात जाड वहाणा. काकूंनी तांब्याभर पाणी दिलं होतं. ते घटाघट न पिता तो आधी तांब्यात बघत होता. बाई दोन दोन पायऱ्या गाळत खाली आल्या.

"आप्पा! तुमी कवा आलासा?"

"राती आलो. मेंढरं वड्याच्या पलीकडं बसवल्यात. धाकटा हाय संगं."

आप्पा वर यायला तयार होईनात. पायरीवरच टेकले. वाडीवर प्यायला पाणी नाही, चाऱ्याचं तर नाव नाही. वाटेत मेंढरं पडत होती. "आता येरळेच्या कडंनं जानार. भिलवडीच्या अंगाला हिरवं हाय म्हनं. आपल्याकडचं दोगं तिगं तितं पोचल्यात बी."

बाई थबकल्या. "हिरवं कुटं? डबक्याभवती?"

"आसंल. हिरवं कुटं बी आसंल, हिरवंच ते."

कॉलेजात त्यांनी रजा टाकली की नुसता निरोप ठेवला ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आम्ही डोहावर पोचलो. आप्पांचा कळप अजून दूर, धूळ उडवत येत होता. डबक्याच्या कडेला मात्र दुसऱ्या दोन कळपांची मेंढरं आधीच गवतात तोंड खुपसून चरत होती. त्यातल्या एका कळपाचा मालक, आप्पांच्याच वयाचा एक दाढीवाला, बाभळीला टेकून बसला होता. कितीतरी दिवसांनी मेंढरं पोटभर खाताना बघून त्याचा चेहरा निवला होता.

बाई सरळ त्याच्यासमोर गेल्या. "काका, मेंढरं हितनं काढा. हे गवत वंगाळ हाय. शंखातनं किडं आल्यात त्याच्यावर. काळजात जात्यात."

त्याने गवताची एक काडी उपटली, उलटसुलट केली. "कुटं हाय किडा?"

"डोळ्यांनी दिसत न्हाई."

"मग तुला कसा दिसला, पोरी?" आणि तो मोकळेपणी हसला. त्याचं हसणं कुजकट नव्हतं. उपाशी मेंढराला हिरवं मिळालं होतं. त्यापुढे न दिसणाऱ्या किड्याचं काय भय? बाईंनी विनवण्या केल्या, आवाज चढवला, हातात गोगलगाई घेऊन दाखवल्या. तो म्हणाला, "आज खाऊन मरंल का उद्या, ते बघू. न खाल्लं तर आजच मरतंय."

तेवढ्यात आप्पांचा कळप आला. पाण्याच्या वासानं मेंढरं ओरडत होती. आप्पा आणि धाकटा काठ्या आडव्या धरून त्यांना कसेबसे थोपवत होते. आप्पा मराठीत माणसांशी बोलत आणि कानडीत कुत्र्यांशी. त्या वेळी त्यांचं सगळं बोलणं कुत्र्यांशीच चाललं होतं.

बाई वाटेत आडव्या आल्या. "आप्पा, हिरव्यात सोडू नगासा."

आप्पांनी गवताकडे बघितलं, मग मुलीकडे. "तू लहान आसताना पाऊस लय झाल्ता त्या साली, ध्यानात हाय? मेंढरांच्या जबड्याखाली पानी उतरलं हुतं. निम्मा कळप गेला. ह्येच का ते?"

"ह्येच."

"खातरी हाय?"

मी तेव्हा बाईंच्या तोंडाकडे बघत होते. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! बाप ऐकायलाच उभा होता. पण बाईंना खोटं बोलता यायचं नाही. अर्धं खरंसुद्धा नाही.

"पुस्तकात हाय. शंखात किडं म्या सोता बघितल्यात. पर ह्या गवतानं मेलेलं मेंढरू म्या बघितलेलं न्हाई."

"म्हंजी खातरी न्हाई."

"न्हाई."

मेंढरं आप्पांच्या गुडघ्यांना ढुशा देत होती. "मग पानी कुटं पाजू? त्ये सांग."

बाईंनी डोहाकडे बघितलं. तिथे शेवाळ नव्हतं, गोगलगाई नव्हत्या. स्वच्छ वाळूचा उतार आणि त्यावर वीतभर पाणी. त्या पाण्यात लाल रेघा आणि लाल ठिपके अगदी स्पष्ट दिसत होते.

"तितं उतरवा," त्या म्हणाल्या.

"अहो, तुमचे शिंपले!" मी ओरडले. "निदान काढून तरी घेऊ या."

मी वहाणा काढून पाण्याकडे धावले. चार-दोन शिंपले उचलले असतील नसतील, तोवर आप्पांनी काठी बाजूला घेतली होती. तहानेलं मेंढरू वाट बघत नाही. सगळा कळप एकदम उतारावर आला. पाणी गढुळलं, खुरांखाली शिंपले कडाकड फुटायला लागले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. भाजलेले पापड कुणी मूठभर चुरावेत तसा. बाई तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. थांबवा असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

मेंढरांचं पाणी पिऊन झाल्यावर आप्पा आणि धाकट्याने त्यांना वर बाभळीत नेलं. लांब काठीला बांधलेल्या आकडीने आप्पा फांद्या ओढून पाला आणि शेंगा पाडत होते. खाली हिरव्यात दुसऱ्यांची मेंढरं, वर काट्यांत आप्पांची. धाकटा धुसफुसत होता. आप्पांनी पुढची फांदी ओढली.

गाळ खाली बसल्यावर बाई डोहाकडे गेल्या आणि ओल्या वाळूत चक्क बसल्या. मांडी घालून. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं, म्हणून मला भीतीच वाटली. जवळ जाऊन मी काहीतरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"हलू नका. सावली पाडू नका."

त्यांच्या पायापाशी लाल रेघेचा एक शिंपला चुरडून पडला होता. त्यातून तो फिकट गुलाबी किडा बाहेर आला होता आणि वाळूवरून, बोटभर पाण्यातून, ताणत आखडत चालला होता. बाईंचा आजवरचा समज असा, की शिंपल्याबाहेर तो जगत नाही. तो एका मिटलेल्या शिंपल्यापाशी गेला, त्याच्याभोवती फिरला, पुढे सरकला. दुसऱ्यापाशी तसाच. ऊन डोक्यावरून कलतं झालं. माझे पाय भरून आले. तिसऱ्या की चौथ्या शिंपल्याने केव्हातरी फट उघडली, आणि किडा त्या फटीत शिरला. शेपूट दिसेनाशी झाली.

"गेला," बाई कुजबुजल्या. "आवं, आत गेला!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशाचं, हे मी ठरवू शकले नाही. मग त्या म्हणाल्या, "मी दर रविवारी दार किलकिलं करून बघत होते. घर मोडल्याशिवाय तो निघत नाही, तर मला कळणार कसं?"

पुढचं सगळं काही गोड नाही. आप्पांचा कळप त्या डोहावर टिकला, पण नुसत्या पाल्यावर किती जगणार? त्यांचीही मेंढरं पडली. पाऊस पडायच्या सुमारास एक दिवस तो दाढीवाला मालक कॉलेजात आला. फडक्यात बांधून त्याने एका मेलेल्या मेंढराचं काळीज आणलं होतं. त्याच्या मेंढरांच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं आणि ती एकेक करून जात होती. बाईंनी सुरी चालवली. आत पानासारखे चपटे किडे होते.

"ह्येच?" त्याने विचारलं.

"ह्येच, काका."

तो बाकावर बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं, मग त्याच्याबरोबर गुरांच्या दवाखान्यात गेल्या, औषध कसं पाजायचं ते समजावून परत आल्या. मला वाटलं, आता तरी थोडं समाधान वाटत असेल. पण त्या रात्रंदिवस तेच घोकत राहिल्या. "मला ओरडायला पाहिजे होतं. त्यांची मेंढरं मी काठीनं हाकलायला पाहिजे होती. खात्री नाही म्हणाले ना मी."

आप्पांनी मात्र एकदाच काय ते सांगितलं. "माजी बी मेली. पर उपाशी मेली, माज्या डोळ्यांम्होरं. काळजाला कीड लागून न्हाई." ही शाबासकी होती की दुःख, ते त्यांनाच ठाऊक.

मोठ्या प्राध्यापकांनी किड्याची हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाले, "एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं होत नाही. पुन्हा दाखवा." पुन्हा कुठून दाखवणार? पावसात येरळा भरून वाहिली आणि डोहाची जागासुद्धा सापडेना. हिवाळाभर बाई रविवारी जात राहिल्या, वाळू उपसत राहिल्या. एकही लाल खूण हाती लागली नाही. घंगाळ काकूंना परत गेलं. चिंच लावून ते लख्ख घासून दिलं, तरी काकूंनी ते पुन्हा वापरलं नाही.

नंतर एके दिवशी बाईंनी सांगितलं की गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका ठिकाणी त्यांना काम मिळालं आहे. जहाजं खोल तळातून जे काही वर काढतात ते निवडायचं, ओळखायचं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी हलली तरी त्या खालीच उभ्या राहून मला काहीतरी सांगत होत्या. शेवटी कंडक्टरने दंडाला धरून आत ओढलं. काय सांगत होत्या, ते इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

त्या परत सांगलीला आल्या नाहीत. एक कार्ड मात्र आलं.

पुढल्या उन्हाळ्यात आप्पा कळप घेऊन आमच्या बाजूला आले. या वेळी काकूंच्या आग्रहाने जिना चढून वर आले आणि भिंतीला टेकून बसले. लेकीच्या रिकाम्या खाटेकडे त्यांनी एकदा बघितलं. मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं, "जिथं ऊन कधीच पोचत नाही अशा गार, काळ्या चिखलातून जहाजवाल्यांनी काही शिंपले वर आणले. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता, कुणी हात लावीना. मी उघडले. आप्पांना सांगा, तिथंही आत एक किडा आहे. एवढ्या अंधारात, एवढ्या थंडीत. सगळे नुसतेच नाव काय, नाव काय, विचारतात. मी म्हटलं, नावाचं नंतर बघू."

"समिंदराच्या बुडाला बी?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"आन ती तितं जाती?"

"ती काठावर असते. वर आणलेलं बघते."

आप्पांचा जीव जरा भांड्यात पडला. मग म्हणाले, "कुटं हाय ते? लांब हाय?"

मी कपाटातून महाराष्ट्राचा मोठा नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. त्यांचं बोट जतवर ठेवलं, तिथून सांगली, कोल्हापूर, आणि मग पश्चिमेला खाली खाली गोव्याकडे नेलं. मधल्या तपकिरी पट्ट्यावर बोट अडलं.

"ह्ये काय?"

"घाट."

"चारा आसंल?"

"पावसाळ्यात खूप."

"पावसात मेंढरं भिजून मरत्याल. पाऊस सरल्यावर निगावं लागंल." ते मनातल्या मनात मुक्काम धरत होते. घाटापर्यंत एकेका थांब्यावर त्यांचं बोट हळूहळू मागे-पुढे होत होतं. घाटाच्या पलीकडे त्यांना माहितीचं गाव नव्हतं. बोट तिथून सुटलं, आणि सगळा हात निळ्या रंगावर गेला.

"ह्ये समदं पानी?"

"सगळं."

"खारं."

"हो."

काकू चहा घेऊन वर आल्या. आप्पांनी नकाशावरचा हात काढला नाही. निळ्यावर पंजा तसाच पसरून ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने कपबशी घेतली.